दार उघडल्याची नोंद

बायको गेल्यानंतर नवव्या दिवशी मी कारखान्यात गेलो. सुतकात कुणी कामावर जात नाही. पण पेरणी तोंडावर आली होती, बियाण्याच्या गाड्या भरायच्या राहिल्या होत्या, आणि पोती रचणारा रोबो सकाळपासून सारखा थांबत होता. त्याच्या दुरुस्तीला पुण्याहून येणारा माणूस चार दिवसांनी येणार होता. मालकांनी स्वतः फोन केला. म्हणाले, "साहेब, बोलायला तोंड नाही माझं. तुम्ही फक्त येऊन उभे राहा. मशीनला मात्र बिलकुल हात लावू नका. दसऱ्याला पूजा केलेली आहे तिची."

मुलीने विचारलं, "बाबा, खरंच जाताय?" मी चप्पल घालत होतो. बायको कशी पडली, किती वाजता पडली, हे प्रत्येक पाहुण्याला नव्याने सांगायचं त्या दिवशी टळलं, याचं मला बरंच वाटलं होतं.

जालन्याच्या एमआयडीसीतल्या त्या बियाण्यांच्या कारखान्यात मी यंत्रांची देखभाल बघतो. आमचा रोबो म्हणजे जमिनीत घट्ट बसवलेला एक मोठा पिवळा हात. पट्ट्यावरून येणारं पोतं उचलतो, वळतो आणि अलीकडच्या नाहीतर पलीकडच्या लाकडी फळीवर थर रचत जातो. त्याच्याभोवती माणसापेक्षा उंच जाळी आहे आणि जाळीला एक दार. दार उघडलं की हात जागीच थांबतो, कारण आत शिरलेला माणूस त्याच्या तडाख्यातून वाचायचा नाही. म्हणून चालू मशीनचं दार उघडणं हा आमच्याकडे मोठा गुन्हा. तीन वेळा तशी नोंद झाली की माणसाला घरी पाठवतात.

त्या रोबोच्या ऑपरेटरच्या नावावर तीन नोंदी झाल्या होत्या. तिन्ही माझ्या नोंदवहीत, माझ्या अक्षरात.

तो तीर्थपुरीकडचा, चाळिशीतला माणूस. आधी हीच पोती पाठीवर वाहायचा. रोबो आल्यावर मीच त्याला मशीन चालवायच्या पॅनेलवर घेतलं आणि शिकवलं. सुरुवातीच्या दिवसांत एकदा फुटलेलं पोतं सरळ करायला त्याने खरंच दार उघडलं होतं आणि आपणहून येऊन सांगितलंही होतं. मी रागावलो होतो, पण लिहिलं नव्हतं. या उन्हाळ्यात हात मध्येच थांबायला लागला आणि पडद्यावर 'दार उघडे' अशी ओळ दिसली, तेव्हा मला जास्त विचार करावासा वाटला नाही.

"साहेब, म्या हात बी लावला न्हाई," तो म्हणायचा. "पल्याडच्या फळीकडं वळलं की आपोआप बंद पडून राह्यलं."

मी जायचो, दार उघडून लावून बघायचो. सगळं नीट चालायचं. "आता कसं चाललंय बरोबर?" असं मी त्याला एकदा विचारलं होतं. पॅकिंगच्या बायकांना थट्टेला विषय मिळाला. "ओ दारवाले, जाता जाता आमच्या घरचंबी दार लावून घ्या की!" पहिल्या पहिल्यांदा तो हसायचा. मग डबा घेऊन दुसरीकडे बसायला लागला. मी तिसरी नोंद केली त्याच आठवड्यात माझी बायको गेली. महिनाअखेरपर्यंत काम करून थांबायचं, असं पत्र त्याला तेव्हाच मिळालं होतं.

नवव्या दिवशी मी पॅनेलपासून चार पावलं लांब उभा राहिलो. "वाईट झालं साहेब," एवढंच तो म्हणाला. थोड्याच वेळात हात पलीकडच्या फळीवर पोतं ठेवता ठेवता थांबला. पडद्यावर 'दार उघडे'. दार आम्हा दोघांच्या समोर होतं आणि बंद होतं.

मी म्हणालो, "थांबल्याची यादी उघड. त्या ओळीवर जा. आता आत जा."

त्या आतल्या पानावर मी आजवर गेलो नव्हतो. वरची ओळ माझ्या समजुतीशी जुळत होती, मग कशाला जाऊ? एवढ्या लांबून मला अक्षरं दिसत नव्हती. "वाच," मी म्हणालो. त्याने एकेक शब्द लावत वाचलं, "चॅनेल वन, ओपन. चॅनेल टू, क्लोज."

दाराच्या स्विचमधून दोन वेगळ्या तारा, म्हणजेच हे दोन चॅनेल, पॅनेलकडे जातात. दार खरोखर उघडलं तर दोन्हींचा प्रवाह एकदम तुटतो. एकीचाच तुटला, तर दार बंद आहे आणि तार खराब आहे. हे मला पंधरा वर्षांपासून माहीत आहे.

"मागच्या तारखांचं उघड."

त्याने तिन्ही तारखा उघडल्या. तिन्ही वेळा तेच वाचलं. शाळेतल्या मुलासारखं, स्पष्ट. आपण काय वाचतो आहोत हे त्याला ठाऊक नव्हतं. "आणखी मागं जाऊ का साहेब?" त्याने विचारलं.

मी गप्प राहू शकलो असतो. तार बदल म्हणालो असतो, मशीन चाललं असतं, कुणी काही विचारलं नसतं. तो विचार माझ्या मनात आला होता. आला नाही असं लिहिणं खोटं होईल.

माझी बायको दिवाळीपासून म्हणत होती की उठताना डोळ्यांपुढे अंधार येतो. आम्ही डॉक्टरकडे गेलो. तिथे ती छान उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली. ईसीजीच्या पट्टीवर हृदयाचे ठोके नीट आले. पुढे एकदा संध्याकाळी तिने पुन्हा सांगितलं, तेव्हा मी वाचत होतो. पुस्तकातून मान वर न करता म्हणालो, "रिपोर्ट नॉर्मल आहे ना तुझा?" त्यानंतर ती त्याबद्दल काही बोलली नाही. आणखी तपासण्या करूनही काही सापडलं नसतं, असं मुलगी म्हणते. असेलही.

"जाळीच्या खांबाला बांधलेली वायर दाबून बघ," मी त्याला सांगितलं.

तो दाबत दाबत खाली गेला आणि एका जागी थांबला. "इथं मऊ लागतीय. आतून तुटली. वरून काहीच दिसत न्हाई." भरलेलं पोतं घेऊन हात पलीकडे झुकला की हादऱ्याने जाळी हलत होती आणि तार क्षणभर सुटत होती. त्याने ती बदलली. पुढची शंभरेक पोती हात न थांबता गेली.

मग मी म्हणालो, "तू दार उघडलं नव्हतंस. तिन्ही वेळा नव्हतंस. तू आत्ता वाचलंस त्याचा अर्थ तो."

"ते तर म्या सांगतच होतो," तो म्हणाला. हात पुसत राहिला. "घरी बायकोनं बी ईचारलं, खरं सांगा, उघडलं का. साहेबानं लिहिलंय म्हंजे काहीतरी असंल, म्हणली."

मी हे जाऊन सांगितलं तेव्हा मॅनेजरसाहेब समजुतीने बोलले. "सर, आत्ता तुमचं मन ठिकाणावर नाही. तेरावं होऊ द्या, मग बसून बघू." महिनाअखेर तीन दिवसांवर होती. मी माझी नोंदवही काढली आणि प्रत्येक नोंदीखाली लिहिलं: ही नोंद चुकीची आहे. दार बंद होते. तपासणी मी अपुरी केली. खाली सही केली.

"यात तुमचंच नाव खराब होतं, सर," मॅनेजर म्हणाले.

दोन दिवसांनी त्याचं पत्र मागे घेतलं गेलं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तो घरी बसायला आला. खुर्चीच्या कडेला टेकला. मुलीने दिलेलं पाणी प्यायला. मी विचारलं, "रोबोवरच आहेस ना?"

"न्हाई साहेब. मागून घेतलं. चाळण्यांकडं गेलो."

"तिथे धूळ किती आहे. आणि तो हात तुझ्याइतका कुणाला कळतो?"

"धूळ हाय. पर चाळणी थांबली तर काहून थांबली ते समद्यांला दिसतं." ग्लास खाली ठेवून तो म्हणाला, "हात कळतो मला. पर वही तुमच्याकडं राहती."

मग तो उठला. दुःखाच्या घरातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत, घरचा माणूस 'या' म्हणत नाही, सोडायला दारापर्यंतही जात नाही. तो काही न बोलता गेला आणि मी जागचा उठलो नाही. बाहेर त्याची मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला.

तो रिवाज म्हणून बोलला नाही, की माझ्याशी बोलायचं त्याचं संपलं होतं, हे मी बराच वेळ ठरवत बसलो. माणसांच्या असल्या गोष्टी माझ्या बायकोला लगेच कळायच्या.