लेबलवर एक, मशीनवर एक

आमच्या दुकानात किस्से साचतात, कारण रिकामा वेळच लई! मुखेडच्या बसस्टँडसमोर आमचं बॅटरीचं दुकान. टॉर्चमध्ये, फवारणीच्या पंपात बसतो ना, तो बोटाएवढा गोल सेल. परदेशात वेपमध्ये, म्हणजे विजेवरच्या सिगारेटमध्येही, असलाच घालतात म्हणे! तो आम्ही फुल चार्ज करून मशीनला लावतो; मशीन तो रिकामा करत खरंच किती दम आहे, म्हणजे किती एमएएच, ते मोजतं. एक सेल रिकामा व्हायला चार-पाच तास सहज. आकडा हळूहळू चढतो, पंखा फिरतो, एसटी येते, जाते, आणि बघणाऱ्याला गुंगी येते.

मी गल्ल्यावर, मशीन दत्ताकडं. माणूस स्वप्नाळू, आकड्याकडं बघत कुठल्या कुठं जातो. पण लेबलवर त्याचा काडीचा विश्वास नाही. ह्याच सवयीपायी दोन सोयरिकी मोडल्या. आमचे मालक, सगळे त्यांना मामा म्हणतात, त्यांनी त्याचं लग्न जुळवायचा विडाच उचललाय.

*

बाजारच्या दिवशी एकानं झगझगीत सेल आणला. लेबलवर ९९००! दत्तानं तळहातावर तोलला आणि हसला. संध्याकाळी मशीन ७०० वर थांबलं.

गिऱ्हाईक कळवळून म्हणालं, "मग बाकीचं कुठं गेलं हो?"

दत्ता म्हणाला, "आलंच नव्हतं."

*

देवणीचे एक काका सेल खिशात टाकून आले. त्याच खिशात किल्ल्या! काउंटरपाशी आले आणि एकदम उड्याच मारायला लागले. बाकावरच्या म्हातारीनं पटकन हात जोडले. "अंगात आलं बया!"

दत्ता ओरडला, "अंगात न्हाई, खिशात आलंय! काढा आधी!"

किल्ल्यांना लागून तापलेला सेल वाळूच्या डब्यात गेला, किल्ल्या फरशीवर. मांडीला फोड आला, पण थोडक्यात निभावलं. तेव्हापासून मामा सुटा सेल प्लास्टिकच्या डबीत घातल्याशिवाय कुणाला देत नाहीत.

*

मग जळकोटला मुलगी बघायला गेलो. मी, मामा, दत्ता. मुलगी अनिता, शिकवण्या घेते. पोहे झाले. मामा ऐटीत म्हणाले, "पोरगा पाच फूट आठ इंच हाय बरं का!"

दत्ता शांतपणे म्हणाला, "लेबलवर पाच-आठ. टेस्टला पाच-पाच निघतंय."

मामांनी कपाळाला हात लावला. गेली तिसरी सोयरीक! मला तर रडूच यायचं बाकी होतं.

अनिता मात्र खुदकन हसली. आत गेली आणि टॉर्चमधला सेल घेऊन आली. "ह्याच्यावर लिहिलंय ते खरं हाय का, तेवढं बघून सांगा. मग पुढचं बोलू."

*

लेबलवर २०००. मशीनवर निघाले २२००!

आमच्या दुकानात लेबलपेक्षा जास्त भरलेला सेल कुणी पाहिला नव्हता. मी म्हणालो, "दत्त्या, लाव फोन!"

"मशीन चुकलं असंल. पुन्हा लावतो."

पुन्हा २२००. पुन्हा लावला. तिचा फोन आला, तर म्हणतो, "अजून टेस्ट करून राहिलो." मामा तळतळले, "अरे, उदगीरचं स्थळ येऊन राहिलंय तिला! हातची जाईल लेका!" दत्ता ऐकतोय कुठं? डोळे आकड्यावर, आणि ओठांवर कसलं तरी हसू.

रविवारी दुपारी अनिता स्वतःच दुकानात आली. सोबत आत्या, हातात बाजाराची पिशवी.

"काय निघालं?"

"बावीसशे," दत्ता खाली बघत म्हणाला. "पर एवढं चांगलं निघत नसतंय कधी."

 अनिता स्टूल ओढून मशीनपाशी बसली. "लावा अजून एकदा. मी बसते."

आत्या म्हणाली, "अगं, जळकोटची गाडी लागलीय!"

"जाऊ द्या."

दत्तानं सेल लावला, बटण दाबलं. आकडा चढायला लागला. बाहेर जळकोटची गाडी निघाली. दत्तानं मशीन उचललं, त्याचं तोंड भिंतीकडं करून ठेवलं, आणि पहिल्यांदाच आकडा सोडून अनिताकडं बघितलं.