कानासाठी चार टायर

ही गाडी घेतल्यावर पहिले तीन दिवस सोसायटीत माझा भारी रुबाब होता. चौथ्या दिवशी तिच्यात आई बसली.

गाडी जर्मन बनावटीची, पण सेकंडहँड. ऑफिसातल्या एक बाई कायमच्या परदेशात, मुलाकडे निघाल्या होत्या. त्यांनी ती मला दिली आणि देताना बजावलं, "हिचे टायर रन-फ्लॅट आहेत हं. पंक्चर होऊन सगळी हवा गेली तरी ऐंशी किलोमीटर चालतात. थांबायचंच नाही." मी मनातल्या मनात हिशोब केला. म्हणजे बोरिवलीहून पंक्चर झालेला टायर घेऊन मी थेट खोपोलीला जाऊन वडा खाऊ शकत होते. परत कसं यायचं, हे तेव्हा सुचलं नाही.

आई आमच्याकडेच राहते. मालवणकडची, लग्न होऊन मुंबईत आली त्याला पन्नासच्या वर वर्षं झाली, बाबांची गिरण गेली, बाबा गेले, पण तिची बोली काही गेली नाही. नवी गाडी आली की आधी डिकी उघडून बघायची, हा तिचा नियम. तिनं डिकीतला गालिचा उचलला, खाली हात घालून चाचपलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "स्टेपनी नाय? मगे गाडी कसली गो ही?"

"आई, हिला लागतच नाही स्टेपनी," मी ऐटीत सांगितलं.

तिनं त्या रिकाम्या जागी मावशीसाठी घेतलेले चार नारळ ठेवले आणि विषय संपवला.

दर रविवारी आम्ही दोघी वाकोल्याला जातो, मावशीकडे. आई आणि मावशी, दोघी सख्ख्या बहिणी, आठवडाभर फोनवर बोललेलं सगळं रविवारी समोरासमोर परत बोलतात. आमच्या जुन्या छोट्या गाडीत आई बोरिवलीपासून वाकोल्यापर्यंत अखंड बोलायची. कोणाच्या बाल्कनीत कोणते कपडे वाळतायत, कोणत्या बिल्डिंगचा रंग कसा फसलाय, मी पुढच्याला उगाच हॉर्न का मारला. मी वैतागायचे. एकदा तर मी चक्क म्हणाले होते, "आई, पाच मिनिटं गप्प बसायचं काय घेशील?"

नव्या गाडीत ती फुकटात गप्प बसली.

झालं होतं असं, की गाडी येण्याच्या दोन महिने आधी आईला कानात घालायचं यंत्र बसवलं होतं. कानाच्या डॉक्टरीणबाई मोठ्या गोड, पण बोलायला सडेतोड. त्या म्हणाल्या, "आजी, हे सकाळी घालायचं, रात्री काढायचं. मधे नाही. कानापेक्षा मेंदूला याची सवय व्हावी लागते. सारखं काढून ठेवलंत तर नुसता आवाज येईल, शब्द ओळखू येणार नाहीत." आईनं मान डोलावली आणि यंत्र ठेवायची छोटी डबी पर्समध्ये टाकली.

आता त्या रन-फ्लॅटची गंमत ऐका. हवा नसतानाही गाडीचं वजन पेलायचं, म्हणून त्या टायरच्या बाजू जाड आणि कडक असतात. त्यामुळे रस्त्यात जे काही असेल ते सगळं थेट वर येतं. आमच्या गल्लीतले उखडलेले पेव्हर ब्लॉक मला मणक्यात मोजता यायला लागले. फ्लायओव्हरचा प्रत्येक सांधा धाडकन सांगून जायचा. आणि हायवेच्या सिमेंटवर गाडी आली की आत असा घर्रर्र आवाज भरायचा, की नवऱ्यानं मोबाइलवर लावलेली बातम्यांची बाई नुसती ओठ हलवते आहे असं वाटायचं. लोकांना मी सांगायचे, "स्पोर्टी आहे ना गाडी." घरी येऊन कमरेला बाम चोळायचे.

आमची ही गत, तर तो घर्रर्र यंत्रातून दसपट होऊन आईच्या कानात शिरत होता. पहिल्याच रविवारी कांदिवली यायच्या आत तिनं कानातून यंत्र काढलं. "कानात पिठाची गिरण चालू जाता गो," म्हणाली आणि डबीत ठेवून दिलं.

तेवढ्यावर भागलं असतं तर मी लक्षही दिलं नसतं. खरं सांगायचं तर पहिले दोन रविवार मला ती शांतता आवडलीसुद्धा. पण वाकोल्याला उतरल्यावर ती यंत्र परत घालायला विसरायची. मावशी बोलायची, ही हसून हसून मान डोलवायची. मावशी म्हणाली, "पाय मोडला शेजारणीचा," तरी ही हसतेच. मग सोमवारीही यंत्र डबीतच. मंगळवारी मी ओरडायचे, बुधवारी ती रागानं घालायची, शनिवारपर्यंत जरा कुठे बरं चालायचं, की रविवारी आमची गाडी हजर.

एका रविवारी परत येताना मी सहज म्हणाले, "आई, ती बघ, त्या बिल्डिंगला पुन्हा तोच पोपटी रंग देतायत." ती खिडकीबाहेर बघत राहिली. तो रंग तिनंच इतकी वर्षं शिव्या घालून माझ्या डोक्यात बसवला होता. मी मोठ्यानं म्हणाले, मग ओरडून म्हणाले. तिनं माझ्याकडे वळून मान डोलावली आणि हसली, मावशीकडे हसायची तशीच. माझी आई माझ्या शेजारी बसून माझ्यापासून लांब चालली होती, आणि मीच ती गाडी चालवत होते.

त्या दिवशी घरी येऊन मी जाहीर केलं, "टायर बदलायचे."

नवऱ्याचा उत्साह अशा वेळी बघण्यासारखा असतो. तो गाडी चालवत नाही, पण वाचतो भरपूर. दोन आठवडे तो इंटरनेटवर जर्मनीतल्या लोकांनी जर्मनीतल्या रस्त्यांवर लिहिलेलं वाचत होता. "बर्फात ब्रेक उत्तम लागतात याचे," तो मला आनंदानं सांगायचा. शेवटी त्यानं टायरच्या स्टिकरवर छापलेला आवाजाचा आकडा शोधून काढला. ज्याचा डेसिबल सगळ्यात कमी, तो टायर घ्यायचा. झकास. कागदावर नाव लिहून त्यानं मला कांदिवलीला हायवेलगतच्या एका टायरवाल्याकडे पाठवलं. मी आईला सोबत घेतलं. म्हटलं, कान तिचे आहेत.

टायरवाला पन्नाशीचा, परभणीकडचा, कपाळावर चष्मा चढवलेला. त्यानं कागद वाचला आणि विचारलं, "ताई, हा आकडा बघून निवडला का?"

"हो. सगळ्यात कमी आवाज."

"तो बाहेरचा आवाज आहे ना. गाडी बाजूनं गेली तर रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला किती ऐकू येईल, त्याचा आकडा. आतल्याचं काय त्यात?"

दोन आठवड्यांचा अभ्यास फूटपाथवरच्या अनोळखी माणसासाठी झाला होता. मी नवऱ्याला तिथूनच फोन करणार होते, पण मग म्हटलं, घरी समोर बसवूनच सांगू, जास्त मजा येईल.

"तुम्हाला पायजे काय, ते सांगा," टायरवाला म्हणाला. "मायलेज, ग्रिप, का मऊ चाल?"

"आईच्या कानाला चालेल असा पाहिजे," मी म्हणाले आणि यंत्राची सगळी कथा सांगितली. मला वाटलं, हसेल. तो हसला नाही. चष्मा डोळ्यांवर घेऊन त्यानं आईच्या कानाकडे नीट बघितलं.

एवढ्यात आईनं काम सुरूही केलं होतं. रांगेत उभ्या टायरांच्या बाजू ती अंगठ्यानं दाबत, बोटांच्या पेरांनी ठोकत चालली होती, फणस घेताना बघतात तशी. मी शरमेनं अर्धी झाले. "अहो, त्यांना करू द्या," टायरवाला म्हणाला. "बाजूच बघायची असते. काकू बरोबर जागी दाबतायत." मग त्यानं मला समजावलं. साइज तीच ठेवायची, वजन पेलायचा नंबर खाली येऊ द्यायचा नाही, बाजू नरम घ्यायची, टायरवरची नक्षी बारीक घ्यायची, आणि हवा दाबून भरायची नाही. स्टेपनीला जागा नाही, म्हणून पंक्चरचं किट आणि छोटा पंप डिकीत ठेवायचा. "पण एक लक्षात ठेवा ताई. हा साधा टायर आहे. पंक्चर झालं की थांबायचं. जुन्यासारखं पळवलं तर वाट लागली समजा."

दोन टायरांवर येऊन गाडं अडलं. दोन्ही मला सारखेच काळे दिसत होते. तेव्हा तो म्हणाला, "यातला हा माझ्याच गाडीला आहे. काकूंना एक चक्कर मारून आणतो. पाच मिनिटं."

आई माझ्याकडे न बघताच पुढच्या सीटवर जाऊन बसली. कानात यंत्र होतं. मी दुकानात स्टुलावर बसले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. एक गिऱ्हाईक येऊन मलाच स्कूटरच्या ट्यूबचा भाव विचारून गेलं. वीस मिनिटांनी गाडी परत आली तेव्हा दोघांचं बोलणं चालूच होतं.

आई उतरली. "हेची थोरली लेक नर्स आसा," तिनं मला सांगितलं. "धाकट्याक इंजिनेर व्हायचां नाय, तबला शिकाचो आसा. बायलेक थायरॉइड. गावाक बोअरवेल मारली ती सुकी गेली." मग टायरकडे बोट दाखवलं. "हेच घे."

"पण आवाज कसा होता?"

"खंयचो आवाज?" ती म्हणाली.

मी तेच घेतले.

त्यानंतर काय सुख म्हणून सांगू! तेच पेव्हर ब्लॉक, तोच हायवे, पण गाडी अशी चालली की मीच हळू आवाजात बोलायला लागले. पहिल्या रविवारी गल्लीच्या तोंडाशी वळताना आई म्हणाली, "ह्यां टिकटिक काय वाजता गो?"

इंडिकेटर होता. इतके महिने त्या गाडीत बसून तिनं इंडिकेटर ऐकलाच नव्हता. मी तिला हिरवा बाण दाखवला. मग ती प्रत्येक वळणावर आधी टिकटिक ऐकायची, मग बाण बघायची आणि मग मी चुकीच्या लेनमध्ये आहे हे सांगायची. पोपटी बिल्डिंगचा समाचार पुन्हा सुरू झाला. महिन्याभरात मी पुन्हा वैतागायला लागले, इतकं सगळं छान चाललं होतं.

एकच गोष्ट राहिली होती. नवे टायर बसल्यापासून समोर टायरमधल्या हवेचा एक पिवळा दिवा लागून राहिला होता. टायर बदलले की गाडीच्या मेनूत जाऊन तसं सांगावं लागतं, हे टायरवाल्यानं सांगितलं होतं, नवऱ्यानंही पुस्तकात दाखवलं होतं. मला कंटाळा. मी त्या दिव्यावर माझी एक मोठी टिकली चिकटवून टाकली होती.

अशाच एका रविवारी उशीर झाला होता, जोगेश्वरीला ट्रॅफिक सुटला आणि मी गाडी दामटली. आई म्हणाली, "टिकटिक वाजता."

"इंडिकेटर गं. कितीदा सांगायचं?"

"इंडिकेटर बंद आसा."

खरंच बंद होता. मी कान दिला. मला काही ऐकू येईना. "काही नाही वाजत, आई."

"वाजता. तू जोरात घेतलंस की जोरात वाजता. गाडी थांबय."

आणि माझं डोकं सटकलं. मी म्हणाले, "आई, कान तुझे खराब आहेत. माझे नाहीत."

हळू आवाजात म्हणाले होते. ती शांत गाडी होती. तिनं एक शब्दही चुकवला नाही. तिचा हात पर्सकडे गेला आणि तिनं ती डबी बाहेर काढली.

मी पहिल्या फटीतून सर्व्हिस रोडला गाडी घेतली आणि थांबवली. डबी बघून थांबवली, टिकटिक मला अजूनही ऐकू आली नव्हती. उतरून मागे गेले. मागचा डावा टायर खाली बसत आला होता आणि त्यात खिळा शिरलेला होता. त्याचं डोकं रस्ता घासून घासून चकचकीत झालं होतं. आणखी दोन-तीन किलोमीटर मी तशीच दामटली असती तर टायरवाला म्हणाला होता तशी वाट लागली असती.

मी आईच्या बाजूचं दार उघडलं. "चुकलं माझं," मी म्हणाले. तिनं वर बघितलं नाही. मला वाटलं, तिनं यंत्र काढलं. म्हणून मी सगळ्या सर्व्हिस रोडला ऐकू जाईल असं ओरडले, "आई, माझं चुकलं गं!"

"वरडतंस कित्याक?" ती म्हणाली. "माका आयकाक येता."

डबी तिच्या मांडीवर उघडी होती, आणि रिकामी.

पुढच्या कोपऱ्यावर पंक्चरवाला होता. पंपानं हवा भरत भरत आम्ही तिथवर पोचलो. त्यानं पकडीनं खिळा उपटून नाल्यात टाकायला हात उचलला, तशी आई म्हणाली, "हंय दी." तिनं तो रुमालाला पुसला, डबीत ठेवला आणि झाकण दाबून बंद केलं. तोवर मी गाडीत बसून टिकली काढली आणि मेनूत जाऊन दिवा विझवला. दोन मिनिटांचं काम होतं.

वाकोल्याला मावशीनं दार उघडताच आईनं पर्समधून डबी काढली. मावशीला वाटलं, नेहमीसारखं यंत्रच. ती माझ्याकडे बघून सुस्कारा टाकणार, तेवढ्यात आईनं झाकण उघडून डबी तिच्या नाकासमोर धरली.

"ह्यो खिळो," आई म्हणाली, "माका आयकाक इलो. हिका नाय."