गाडीत बोलायचं नाही

आमच्या घरचा नियम आहे: गाडी चालू असताना कुणी बोलायचं नाही. कारण आमचे हे चाकं ऐकतात. इंजिन नाही, गिअर नाही, फक्त चाकं. गाडी घुमते, थरथरते, कुठूनतरी टकटक येते आणि चार ठिकाणी दाखवूनही काही सापडत नाही, की लोक यांच्याकडे येतात. बाजारात यांचं नाव कुणाला माहीत नाही. सगळे म्हणतात, "कानवाल्याकडे ने."

हा नियम मला लग्नाच्या दिवशीच कळला. लग्न लागलं, आम्ही गाडीत बसलो, माझी आई पुढच्या सीटवर. मी नवी नवरी, काहीतरी गोड बोलावं म्हणून तोंड उघडलं, तर हे म्हणाले, "श्श्." आणि डोळे मिटले. मग ड्रायव्हरला म्हणाले, "जरा डावीकडे घे. आता उजवीकडे." डावीकडे वळलं की खालून घुमणं वाढत होतं, उजवीकडे वळलं की कमी होत होतं. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर येतो, एवढं साधं गणित. "उजवं पुढचं बेअरिंग गेलंय. थांबव." आणि हा माणूस लग्नाच्या कपड्यांत गाडीखाली शिरला! आईने कपाळाला हात लावला. जॅक लावून चाक उचललं, यांनी वरखाली धरून हलवलं, तसं ते चांगलंच खडखडलं. आईचा हात कपाळावरून खाली आला तो थेट यांच्या पाठीवर. तेव्हापासून आई माझ्यापेक्षा यांचंच जास्त ऐकते.

आमचं गॅरेज म्हणजे पत्र्याची एक लांब शेड, जॅक, स्टँड, भिंतीला टांगलेले पाने, आणि मागच्या गल्लीत कंपाउंडची लांबलचक सलग भिंत. ती भिंत आमच्या धंद्यातलं हत्यार आहे. काच खाली करून तिच्या कडेने हळू गाडी नेली, की चाकाचा आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि कुठल्या बाजूचा ते कळतं.

ऐकणाऱ्याने गाडी चालवायची नाही, हे यांचं तत्त्व. म्हणून मला चालवायला शिकवलं. मी स्टीअरिंगवर, हे मागच्या सीटवर, बूट काढून, तळपाय खाली टेकवून, डोळे मिटून. स्टीअरिंग थरथरलं तर पुढचं चाक, बूड थरथरलं तर मागचं. डांबर संपून काँक्रीट लागलं आणि आवाज बदलला, तर टायर बघायचा. हे मला कुणी बसवून शिकवलं नाही. इतकी वर्षं तोंड बंद ठेवून दुसरं करणार काय? आणि माझं तोंड बंद ठेवणं सोपं नाही, हे आमच्या गल्लीत कुणालाही विचारा.

यंदा मात्र यांचं काहीतरी बिनसलं. खिशात मोबाइल वाजायचा आणि हे माझ्याकडे बघायचे. दाराची बेल वाजून वाजून थकायची. लेकीने विचारलं, "बाबा, नीट ऐकू येतं ना?" तर तिच्या अंगावरच धावून गेले. मी म्हटलं, "अहो, एकदा कान तपासून घ्या."

"चाकं ऐकू येतात ना? मग झालं!"

ते खरंच होतं. बेअरिंगची घुमघुम यांना अजून येत होती.

मग एक दिवस चष्मेवाले आले. बाजारातल्या चष्म्याच्या दुकानाचे मालक, सावकाश बोलणारे, सभ्य गृहस्थ. म्हणाले, "चाकातून बारीक आवाज येतो हो. पाखरू चिवचिवल्यासारखा." यांनी चाकाच्या फटींतून आत डोकावून पाहिलं, ब्रेकचे पॅड जाड दिसले. मग आम्ही नेहमीप्रमाणे निघालो. कोपरा वळलो न वळलो तोच मला ऐकू आलं. चिर्र, चिर्र, चिर्र. स्वच्छ. आता हे "थांबव" म्हणतील म्हणून मी वाट बघत होते. आरशात पाहिलं. डोळे मिटलेले, चेहरा शांत. आवाज चालूच होता आणि यांच्या कपाळावर एक आठीसुद्धा नव्हती.

परत आलो. हे उतरले आणि चष्मेवाल्यांना म्हणाले, "गाडीत काही नाही. भास आहे तुमचा."

चाकात आवाज, आणि हा माणूस गाडी परत देतोय! गिऱ्हाइकासमोर यांना खोटं पाडायचं माझ्याच्याने होईना, आणि गाडी तर जाऊ द्यायची नव्हती. मी किल्ली मुठीत धरली आणि म्हटलं, "आजचा दिवस गाडी राहू दे. यांना अजून एक गोष्ट बघायचीय."

चष्मेवाले चालत गेले. हे माझ्याकडे वळले. "काय बघायचंय?"

"आवाज आहे. मी ऐकला."

"तू?"

"हो, मी. आत्ता ऐकला. तुम्हाला नाही आला."

मला वाटलं, आता आरडाओरडा होणार. पण हे एका जुन्या टायरवर जाऊन बसले आणि हातातला पाना उगाच पुसत राहिले. मग म्हणाले, "मला ठाऊक होतं. बेल गेली, फोन गेला, म्हटलं जाऊ दे. चाकं राहतील असं वाटलं होतं. कानच गेला तर कानवाल्याचं उरलं काय? बंद करू आपण हे."

मला रडू आलं. आणि रडू आलं की मला राग येतो. "उरलं काय म्हणजे? डोकं कुठे गहाण टाकलंय का? मला नुसतं चिर्र ऐकू येतं. त्याचं काय करायचं ते मला कुठे कळतं? कुठे वळव, कधी ब्रेक दाब, हे कोण सांगणार? मी तोंडाला कुलूप लावून बसले ती काय तुम्ही दुकान बंद करावं म्हणून?"

यांनी पाना खाली ठेवला. "चल," म्हणाले. मागचं दार उघडलं, क्षणभर थांबले, बंद केलं आणि पुढे माझ्या शेजारी येऊन बसले. बूट काढले. डोळे मात्र मिटले नाहीत, माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"बोल," म्हणाले.

लग्न झाल्यापासून चालत्या गाडीत ऐकलेला हा पहिला 'बोल'. मला एकदम काही सुचेचना.

"अगं, बोल की! आहे आवाज?"

"आहे."

"वेग वाढव. आता?"

"भरभर होतोय."

"ब्रेकवर नुसता पाय टेकव."

"थांबला! गेला पार."

"सोड."

"आला परत."

यांचा चेहरा उजळायला लागला. "भिंतीकडे घे." उजवी काच खाली करून भिंतीच्या कडेने नेली, आवाज कानात घुसला. वळून डावी काच उघडून डावी बाजू भिंतीकडे ठेवून नेली, नावाला उरला. मग हे खाली उतरले आणि उजव्या दोन्ही चाकांजवळ आळीपाळीने हात नेला. पुढच्यापाशी झटकन मागे घेतला. "हे तापलंय. बाहेरचा पॅड जाड दिसतो, पण आतला बघ, संपला असणार. ब्रेकची पिन अडकली असेल, मग एकच पॅड घासत राहतो."

चाक काढलं. बाहेरचा पॅड जाड. आतला पार झिजलेला, लोखंड ब्रेकच्या चकतीला टेकायला आलेलं. आणि पॅड संपत आला की चिवचिवावी म्हणून बसवलेली बारीक पट्टी, ती आपलं काम इमानाने करत होती. हे खुदकन हसले. "बिचारी ओरडत होती, आणि मी म्हणतो भास." माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाले आले तेव्हा मला वाटलं, हे आता काहीतरी गोलमाल सांगून वेळ मारून नेतील. कुणीही नेली असती. पण यांनी झिजलेला पॅड त्यांच्या हातात ठेवला आणि सरळ सांगितलं, "काल मी भास म्हणालो, ती माझी चूक. बारीक आवाज मला आता ऐकू येत नाही. हिला येतो. हा हिने ऐकला, मी शोधला."

इतकी वर्षं लोक यांच्या कानांचं कौतुक करत आले आणि मी मान डोलावत आले. त्या दिवशी मात्र माझा ऊर भरून आला, तो कानांमुळे नव्हे.

"कान तपासून घ्या," चष्मेवाले म्हणाले. "आमच्याकडे लोक चष्मा घालून नटून बाहेर पडतात, कानालाच कसली लाज?"

"घेतो की. तोवर ही आहे."

नवे पॅड बसवून आम्ही शेवटची फेरी मारायला निघालो. मी स्टीअरिंगवर, हे शेजारी, चष्मेवाले मागे. गाडी कोपऱ्यावर आली तसे चष्मेवाले खुशीत पुढे वाकले. "वा! म्हणजे आता चाक अगदी—"

यांनी बोट ओठांवर ठेवलं.

"श्श्," म्हणाले. "बोलू नका. ही ऐकतेय."