आप्पांनी सांगितलेला तोरणे

भुताखेतांच्या गोष्टी मी आजवर फक्त करमणूक म्हणून वाचल्या आहेत. सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो, त्यामुळे काही विचित्र घडलं की आधी कारण शोधायची सवय. हे लिहितोय तेही कुणाला तरी कारण सापडेल या आशेनं.

मी मूळचा निपाणीचा. नोकरीमुळे बेंगळुरूत, मारतहळ्ळीच्या एका अपार्टमेंटमध्ये राहतो. बायको मेघा आणि माझे वडील... त्यांना आम्ही आप्पा म्हणतो. आप्पा एसटी डेपोत मेकॅनिक होते. आई गेल्यावर त्यांना इकडे आणलं आणि हळूहळू त्यांचं विसरणं वाढत गेलं. आधी नावं गेली, मग वाक्यं तुटायला लागली. "पाणी", "चहा", "नको" – एवढ्यावर दिवस जायचा.

डॉक्टर म्हणाले, त्यांच्या आवडीचं काहीतरी वाचून दाखवा. आप्पांची आवड एकच – तोरणे. ही जुनी पॉकेटबुक मालिका कुणाला आठवते का, माहीत नाही. भास्कर तोरणे, पोलिसातून काढून टाकलेला इन्स्पेक्टर. कोठडीत एका संशयिताला मारहाण केली म्हणून नोकरी गेली, दारूपायी बायको गेली. आता लॉजच्या खोलीत राहून लोकांची हरवलेली माणसं शोधतो. निपाणीहून येताना आप्पांनी कपडे कमी आणि तोरणे जास्त आणला होता.

लहानपणी मला तोरणे म्हणजे हीरो वाटायचा. आता मोठ्यानं वाचताना अस्वस्थ व्हायला होतं. हा माणूस खोटं बोलतो, ज्या बाईसाठी केस घेतली तिच्याच अंगावर खेकसतो. मेघा स्वयंपाकघरातून म्हणायची, "याला कोण काम देतं?" पण आप्पा डोळे मिटून ऐकायचे आणि त्यांचा सतत हलणारा पाय थांबायचा. म्हणून दर रविवारी सकाळी वाचन.

त्या रविवारी ऊन चढलं होतं. तोरणे एका सराफाच्या दुकानावर पाळत ठेवून समोरच्या हॉटेलात बसलाय, असा प्रसंग. मी वाचलं, "तोरणेनं चहाचा कप बाजूला सारला."

"असं नाही," आप्पा म्हणाले.

मी थांबलो. "मग कसं आहे, आप्पा?"

"तो जिना चढतो. वर नळ चालू आहे. बाई दारामागं पडलीय. दार ढकलायचं नाही, तिला लागंल. मागच्या खिडकीतनं जायचं."

गेल्या कित्येक महिन्यांत ते इतकं सलग बोलले नव्हते. मेघा हात पुसत बाहेर आली. मी पान उलटून पाहिलं... तोरणे हॉटेलातच होता. वाटलं, दुसऱ्या पुस्तकातलं आठवत असेल. पुढे वाचायला लागलो तर आप्पांनी पानावर हात ठेवला.

"वाचत काय बसलायस? तो जातोय ना!"

ते उठून येरझाऱ्या घालायला लागले. दाराशी जाऊन चपला शोधायला लागले. मेघानं धरलं तर तिचा हात झटकला, जे ते कधीच करत नाहीत.

"कुठं जातोय तोरणे?" मी विचारलं.

"वर. निळी खुर्ची हाय तिथं."

मला एकदम आठवलं. बी विंगला चौथ्या मजल्यावर सुशीलाअक्का राहतात. त्यांच्या दाराबाहेर निळी प्लॅस्टिकची खुर्ची असते, चपला घालताना बसायला. मी एकदा त्यांचा डबा परत द्यायला गेलो होतो म्हणून मला माहीत. आप्पा तिकडे कधीच गेले नव्हते. आम्ही ए विंगला, तळमजल्यावर. जिना त्यांना जमत नाही आणि लिफ्टचं दार बंद झालं की ते घाबरतात.

आप्पांना शांत करायला म्हणूनच मी निघालो, खरं सांगतो.

खुर्ची होती. दाराला दुधाची पिशवी तशीच लटकत होती. बेल वाजवली, उत्तर नाही. दाराला कान लावला तर आत पाण्याचा आवाज.

मी जिन्यातून ओरडलो तसा वॉचमन मंजुनाथ खालून चावी घेऊन धावत आला. अक्का एकट्याच असतात, मुलगा परदेशी, म्हणून एक चावी ऑफिसात ठेवलेली. बाथरूमचं दार आतून बंद होतं. मंजुनाथ खांदा लावून जोर देणार, तेवढ्यात मी त्याचा दंड पकडला. मोडक्या कन्नडमध्ये फक्त म्हटलं, "बेडा. किटकी." नको, खिडकीतून.

मागच्या बाल्कनीतून बाथरूमच्या खिडकीच्या काचपट्ट्या काढल्या. अक्का फरशीवर होत्या, डोकं थेट दाराला टेकलेलं. मंजुनाथ अंगानं बारीक, तो आत उतरला. अक्का शुद्धीवर होत्या. त्याला म्हणाल्या, "नळ बंद कर की रे, नीरु वाया जातंय."

हॉस्पिटलात कळलं की खुब्याचं हाड मोडलंय आणि मानेच्या मणक्याला तडा गेलाय. डॉक्टर म्हणाले, दार आत ढकललं असतं तर आपण आता वेगळंच काहीतरी बोलत असतो.

घरी आलो तेव्हा आप्पा जेवून झोपले होते. उठल्यावर मी विचारलं, "आप्पा, तोरणेनं बाईला बाहेर काढलं. तुम्हाला कसं कळलं?"

ते म्हणाले, "चहा."

मी घरातली सगळी पुस्तकं पुन्हा वाचली. असा प्रसंग एकातही नाही. मेघाचं म्हणणं, आप्पांनी आवाज ऐकला असेल. पण मधे अख्खं पार्किंग आहे आणि आप्पांना कानात मशीन लावूनही शेजारी बसून मोठ्यानं बोललं तरच ऐकू येतं. खुर्चीचं तर तिच्याकडेही उत्तर नाही.

अक्का आता वॉकर घेऊन चालतात. पिढ्यान्‌पिढ्या इथलंच त्यांचं घराणं, मराठीत कन्नड आपसूक येतं. मी विचारलं, आप्पांशी कधी बोलणं झालं होतं का?

"इल्ला. वरून बघितलंय, गेटपाशी बसतात ते," त्या म्हणाल्या. मग त्यांनीच सांगितलं, "पडल्यावर आधी खूप हाका मारल्या. मग आवाजच येईना. मनातच सांगत बसले बघ... दार ढकलू नका, खिडकीकडून या. स्वल्प वेळानं तुम्ही आलात."

मी त्यांना आप्पांचं सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

वाचन चालू आहे, पण पूर्वीसारखं बसवत नाही. एक डोळा पानावर, एक आप्पांच्या तोंडाकडे. गेल्या रविवारी ते मधेच म्हणाले, "थांब."

"काय झालं, आप्पा? कुठं जातोय तो?"

ते नुसते खिडकीकडे बघत राहिले.

मी पुस्तक मेघाकडे दिलं आणि दोन्ही विंगचे सगळे मजले चढून आलो. प्रत्येक दाराशी थांबलो, कान लावला. कुठे टीव्ही, कुठे मिक्सर, कुठे भांडण. सगळं ठीक होतं. घरी येऊन बसलो आणि थोड्या वेळानं पुन्हा चपला घातल्या.