नावाला कुठे मुदत असते?

इत्सुएबाई काजितानी यांनी अडतीस वर्षे शहराच्या कुटुंबनोंदणीच्या खिडकीवर बसून लोकांचे अर्ज परत केले. स्वीकारलेही पुष्कळ असतील, पण उशिरोयामाच्या टेकडीवर लोकांच्या लक्षात राहिले ते परत केलेले. जन्म, लग्न, घटस्फोट, मृत्यू, माणसाच्या आयुष्यात जे काही घडते ते कागदावर नीट उतरल्याशिवाय घडलेच नाही, अशी बाईंची श्रद्धा. तांदळाचा दुकानदार होत्ता याचे वडील वारले, तेव्हा तारखेत खाडाखोड झाली म्हणून त्यांनी त्याला अख्खा अर्ज पुन्हा लिहायला लावला. "वडील एकदाच जातात, तारीखही एकदाच लिहा," असे त्या म्हणाल्या. होत्ता हे अजून सांगतो, आणि सांगताना त्याचे कान लाल होतात.

निवृत्तीनंतर खिडकी गेली, स्वभाव राहिला. कुणी प्लास्टिकच्या कचऱ्याच्या पिशवीत काच टाकली की बाई ती पिशवी त्याच्या दारात नेऊन ठेवत. वस्तीच्या मंडळाच्या बैठकीला त्या न चुकता जात, आणि बैठकीत आजवर एकही शहाणा माणूस भेटला नाही, असे घरी येऊन एकट्याच म्हणत. घरात ऐकायला दुसरे कुणी नव्हते.

टेकडीवर त्रेचाळीस घरे उरली होती, त्यांतली बहुतेक म्हाताऱ्यांची. ऑक्टोबरातल्या उत्सवात देवाची पालखी एकशे बारा पायऱ्या उतरून बंदरापर्यंत न्यायची, त्याला चोवीस खांदे लागत. एका वर्षी चौदाच मिळाले, आणि देव भाजीच्या छोट्या टेम्पोतून खाली गेला. मागचा लाल दिवा दाखवत, वळणावर टिकटिक करत. टेकडीने शरमेने मान खाली घातली. पुन्हा असे झाले तर पालखी कायमची कोठीत ठेवायची, असे पुजाऱ्यांनी सांगून टाकले.

तेव्हा अध्यक्ष नेगोरो यांना वेबसाइट सुचली. बाहेरगावी गेलेल्या मुलानातवंडांनी ती बघावी, तिथेच अर्ज भरावा, आणि उत्सवाला खांदा द्यायला यावे. नेगोरोंना स्वतःला संगणकातले ओ की ठो कळत नव्हते, पण त्यामुळे ते कधी कशाला अडले नव्हते. त्यांनी एका कंपनीच्या विक्रेत्याला सभागृहात बोलावले. तो चकचकीत बूट बाहेर काढून आत आला आणि पाच वर्षांच्या कराराचे कागद पसरून म्हणाला, "तुम्ही काहीच करायचं नाही. सगळं आमच्याकडे."

"सगळं म्हणजे काय काय?" बाईंनी विचारले.

"सगळंच हो, बाई. डोमेन, होस्टिंग, पानं, सगळं."

"डोमेन कुणाच्या नावावर नोंदणार?"

"आमच्या. सोयीचं पडतं."

"आणि उद्या तुम्हाला काढून टाकलं तर नाव आम्हाला देणार?"

विक्रेत्याने चहाचा घोट घेतला. तो बराच लांबला.

"म्हणजे घर आमचं, आणि दारावरची पाटी तुमच्या खिशात," बाई म्हणाल्या. "बूट बाहेर आहेत तुमचे. जोडी नीट बघून घाला."

तो गेल्यावर नेगोरोंनी डोके खाजवले. "मला तर बाई यातलं काही कळलं नाही."

"ते मला तुम्ही यायच्या आधीच माहीत होतं. ऐका. वेबसाइट म्हणजे घर. ते उभं राहायला जागा लागते. ती जागा म्हणजे सर्व्हर, म्हणजे कुणाचा तरी रात्रंदिवस चालू असलेला संगणक. त्यातला कोपरा आपण भाड्यानं घ्यायचा, त्याला म्हणतात होस्टिंग. आणि लोकांना घर सापडावं म्हणून जे नाव नोंदायचं ते डोमेन. जागा एकाकडून घ्या, नाव दुसऱ्याकडे नोंदा, काही बिघडत नाही. पण नाव नोंदायचं ते स्वतःच्या हातानं."

"मग भाड्याची जागा कशाला? सभागृहात आपला संगणक आहे की."

"आहे. आणि पाच वाजले की तुम्ही सभागृहाचा मेन स्विच बंद करता. टोकियोतला मुलगा कामावरून सुटून बघायला जाईल, तेव्हा आपलं घर अंधारात."

"फुकटही जागा मिळते म्हणे," होत्ता मागून म्हणाला.

"मिळते. देवाच्या पालखीशेजारी केस उगवण्याच्या तेलाची जाहिरात लागेल. तुम्हाला उपयोगी पडेल म्हणा."

होत्ताने टोपी सरळ केली. काम बाईंच्याच गळ्यात पडले, जसे ते पडावे अशी त्यांची इच्छा होती. जागा त्यांनी तीन वर्षांसाठी घेतली, कारण एकदम घेतली की स्वस्त. नाव स्वतःच्या नावावर नोंदले. तिथे मुदतीचा रकाना होता, त्यात आधीच 'एक वर्ष' लिहिलेले होते. बाईंनी तो वाचलाही नाही. अडतीस वर्षे ज्यांनी नावे नोंदली, त्यांना माहीत होते की नाव एकदा नोंदले की नोंदले. माणूस मेला तरी ते वहीतून जात नाही.

नेगोरोंनी मात्र पहिल्याच आठवड्यात पराक्रम केला. टेकडीवर कुठलीही सूचना द्यायची ती फिरत्या पाटीवरून. पाटीला चिमट्यात कागद लावायचा, प्रत्येक घराने वाचून सहीऐवजी आपल्या नावाचा शिक्का मारायचा आणि पाटी शेजारी द्यायची. नेगोरोंनी वेबसाइटचा पत्ता फिरवला आणि त्याखाली, लोकांची गैरसोय नको म्हणून, पासवर्डही. बेचाळीस घरांनी तो वाचला, बेचाळीस शिक्के पडले. बाईंकडे पाटी सर्वांत शेवटी आली.

"किल्ली दारावर टांगून ठेवलीत, आणि खाली सगळ्यांच्या सह्या घेतल्यात!" त्या नेगोरोंच्या अंगणात उभ्या राहून ओरडल्या.

"अहो, पण लपवायचं काय आहे त्यात? आपलीच माणसं."

बाईंनी त्याच दिवशी पासवर्ड बदलला आणि नवा कुणालाही सांगितला नाही.

वेबसाइट मात्र त्यांनी जीव ओतून केली. पायऱ्यांचे फोटो, जुन्या पालख्यांचे फोटो, आणि एका कोपऱ्यात, कुणाला मुद्दाम लावला असे वाटू नये इतका लहान, आठ-नऊ वर्षांच्या मुलांचा एक फोटो. डोक्याला फडके बांधून छोटी पालखी उचलणारी मुले. डावीकडून तिसरा तोमोहारु, त्यांचा मुलगा. रोज सकाळी चहाच्या आधी बाई आलेले अर्ज बघत. होत्ताचा पुतण्या आला, नेगोरोंचे दोन नातू आले. पहिल्या वर्षी मारूनमुटकून एकोणीस जण जमले आणि पालखी धापा टाकत खाली पोचली. काजितानी नावाचा अर्ज आला नाही.

तो का येत नव्हता हे टेकडीला माहीत होते. सात वर्षांपूर्वी तोमोहारु लग्नाचा अर्ज घेऊन आईच्याच खिडकीवर आला होता. बरोबर साया, फिकट निळ्या पोशाखात. तारीख तिच्या वारलेल्या वडिलांच्या वाढदिवसाची होती, आणि लग्न त्याच दिवशी नोंदले जावे एवढेच तिचे मागणे होते. अर्जावर दोन साक्षीदारांचे शिक्के लागत. त्यांतला एक अर्ध्या बाजूने पुसट उठला होता. शेजारच्या खिडकीवरचा सहकारी हळूच म्हणाला, "इकडे द्या, मी बघतो." बाईंनी त्याच्याकडे पाहिलेही नाही. त्यांनी अर्ज उलटा फिरवून मुलापुढे सरकवला.

"साक्षीदाराचा शिक्का अपुरा आहे. पुन्हा घेऊन या. पुढचे कोण?"

साक्षीदार परगावी होता. ती तारीख गेली. त्या दोघांनी पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच शहरात नोंदणी केली, आणि तेव्हापासून तोमोहारुकडून नववर्षाचे छापील कार्ड तेवढे येई. फोन करून बोलावणे बाईंच्या स्वभावात नव्हते. नियमाप्रमाणे वागणाऱ्याने फोन का करायचा? वेबसाइटवर सगळ्या जगाला बोलावता येत होते, त्यात एकटा मुलगाही आला असता, आणि आईने बोलावले असे कुणाला म्हणता आले नसते.

दुसऱ्या वर्षी ऑगस्टात वेबसाइटच्या टपालात पत्र आले: आपल्या डोमेनची मुदत अठरा सप्टेंबरला संपत आहे, नूतनीकरण करावे. बाई मोठ्याने हसल्या. मुदत! नाव काय दूध आहे नासायला? चोरांना साधे खोटेही धड बोलता येत नाही.

योगायोगाने त्याच आठवड्यात चौकीतला हवालदार फसवणुकीवर भाषण द्यायला आला होता. त्याच्यानंतर बाई उभ्या राहिल्या. "तुमचा मुलगा बोलतोय, अडचणीत आहे, असा फोन आला तर आधी ठेवून द्या," त्या म्हणाल्या. "मला आला तर मला लगेच कळेल. माझा मुलगा फोन करतच नाही." सभागृहात कुणी हसले नाही, तेव्हा बाईंनी छापून आणलेले ते पत्र घाईघाईने वर धरले. "आणि हा बघा फसवणुकीचा नमुना." नमुना फिरत्या पाटीला लागला. वर बाईंच्या रेखीव अक्षरात लिहिले होते: अशा पत्रांना भुलू नका. त्रेचाळीस घरांनी वाचून शिक्के मारले. पुढे आणखी दोन पत्रे आली. ती बाईंनी न उघडताच पुसून टाकली.

एकोणीस सप्टेंबरला सकाळी वेबसाइट उघडली नाही. तिच्या जागी कुणा परक्याचे कोरे पान होते. नेगोरो धावत आले, म्हणजे त्यांच्या वयाला जमेल तितके. "बाई, गेली! मी जुना पासवर्ड टाकून बघितला. दहा-बारा वेळा टाकला. आता ते म्हणतंय, खातं कुलूपबंद."

उत्सवाला तीन आठवडे होते. नऊ खांदे टेकडीवरचे, सात वेबसाइटवरून आलेले. आठ कमी.

बाईंनी पाटीवरचा तो नमुना काढून आणला आणि दुपारभर समोर ठेवून वाचला. पत्र खरे होते. त्यात दिनांक होता, क्रमांक होता, अर्जदाराचे पूर्ण नाव होते. जागेचे भाडे भरलेले होते, घर तिथेच उभे होते, आतले फोटो जागच्या जागी होते. फक्त तिथवर नेणारे नाव मेले होते, आणि ते त्यांनी स्वतःच्या हाताने, शिक्क्यांच्या साक्षीने मारले होते. टेकडीवरच्या सगळ्या मूर्खांची यादी बाईंना तोंडपाठ होती. तीत एका नावाची भर पडली.

नोंदणी कंपनीला फोन करताना त्या खुर्चीवर ताठ बसल्या. पलीकडे मिझोगुची नावाची तरुणी होती.

"मुदत काल संपली," बाई म्हणाल्या. पलीकडून येणारे पुढचे वाक्य त्यांना पाठ होते. ते त्यांनी हजारो लोकांना ऐकवले होते.

"हो का? काही काळजी करू नका. आम्ही तीस दिवस नाव राखून ठेवतो. लोक विसरतात ना."

"विसरतात म्हणून?"

"हो. फारच जण विसरतात."

हे कसले कार्यालय, असे बाईंना वाटले. असे चालवले तर लोक शिस्त लावून घेतील कधी? पण त्यांनी पेन उचलून पुढचे टिपून घेतले. खाते कुलूपबंद होते, म्हणून कागदी अर्ज, ओळखपत्राची प्रत आणि शिक्का हवा होता. बाईंनी अर्ज लिहिला, एकही अक्षर रेघेबाहेर न जाऊ देता. मग शिक्का काढला. निवृत्तीपासून लाल शाईची डबी फारशी उघडली गेली नव्हती. त्यांनी शिक्का दाबला, आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून अर्ज फॅक्स केला. घरी येऊन चष्मा लावला तेव्हा दिसले: शिक्क्याची डावी बाजू पुसट होती. जवळजवळ अर्धी.

अर्ज परत येणार. त्या दिवशी बाईंना जेवण गेले नाही. सकाळी फोन वाजला.

"काजितानीबाई? मिझोगुची बोलतेय. झालं तुमचं काम. पैसे भरलेत की तासाभरात वेबसाइट दिसायला लागेल."

"शिक्का पुसट आहे," बाई म्हणाल्या.

"हो, बघितला मी. पण वाचता येतोय. ओळखपत्र पण आहे. तुम्हीच आहात ना काजितानीबाई?"

"मीच."

"मग झालं की."

बाईंनी आभार मानले आणि फोन ठेवला. मग त्यांनी खणातून तोमोहारुचे नववर्षाचे कार्ड काढले. चहा गार झाला. कार्डावर खाली एक क्रमांक छापलेला होता. दरवर्षी तो तिथे असे. इतका बारीक की मुद्दाम दिला असे कुणाला वाटू नये. बाईंनी तो फिरवला.

"हॅलो?" पलीकडचा आवाज जाड झाला होता.

"मी बोलतेय."

"आई? बरी आहेस ना? कालपासून वेबसाइट उघडत नाहीये."

म्हणजे तो बघत होता. बाईंनी हातातले कार्ड मांडीवर उलटे ठेवले. पालखीला आठ खांदे कमी आहेत, अर्ज भरावा, असे वाक्य त्यांनी तयार करून ठेवले होते. ते बाजूला राहिले.

"मुदत संपली होती. चूक माझी होती," त्या म्हणाल्या. तोमोहारुने हे शब्द आईच्या तोंडून आयुष्यात ऐकले नव्हते. "आणि दुसरं. तुमच्या अर्जावरचा तो शिक्का. तो वाचता येत होता."

पलीकडे कुठेतरी भांडी घासण्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"मला नको सांगूस," तोमोहारु म्हणाला. "साया इथंच आहे. तिला सांग."

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला, आणि नकळत खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या.