हलकं काडतूस

अबुधाबीतल्या शिकारीच्या सामानाच्या दुकानात मी सेल्समन आहे. आमच्या घरात गलोलसुद्धा नव्हती. मी घरातला पहिला पदवीधर, म्हणून रायफलींचा कॅटलॉग परीक्षेसारखा पाठ केला.

एक वयस्कर अमिराती गृहस्थ तीन गुरुवार दुकानात आले. त्यांना मुलाबरोबर परदेशी डोंगरांत मोठ्या हरणांच्या शिकारीला जायचं होतं. रायफल हातात घेण्याआधी ते बोटातली अंगठी काढून ठेवत, लाकडावर चरा पडू नये म्हणून. त्या हरणाला तीनशे आठचं मोठं काडतूस योग्य होतं, पण त्याचा धक्का त्यांच्या ऑपरेशन झालेल्या खांद्याला सोसला नसता.

तिसऱ्या गुरुवारी मी अदबीनं दोनशे त्रेचाळीसचं हलकं काडतूस पुढे केलं. "बाबा, इसमें धक्का कम है. बराबर लगा तो हरण गिरेगा."

"और बराबर नहीं लगा तो?"

मी मनातल्या मनात कॅटलॉग चाळला.

"जख्मी हिरन दो पहाड़ चलता है, हबीबी," ते म्हणाले. "उसके पीछे जाना पड़ता है. मैं तो पार्किंग से यहाँ तक दो बार बैठा."

त्यांनी मुलाला फोन लावला. अरबी बोलण्यातलं मला फक्त 'खलास', म्हणजे 'बस, संपलं', एवढंच कळलं. आजवर मी शिकाऱ्यांना निर्दय समजत होतो.

फोन ठेवून ते म्हणाले, "अब बेटे के लिए दिखाओ. बड़ा वाला."

मी रायफल काढून काउंटरवर ठेवली. त्यांनी ती नीट पाहिली, मान डोलावली, पण उचलली नाही.