दिराचं विमान, तेलाचा काटा आणि आसगावची मंडई

भाऊबीज झाली की नागपुरातल्या आमच्या घरी दरवर्षी एकच वाद होतो. मी म्हणते कोकण, नवरा म्हणतो आसगाव, म्हणजे त्याचं गाव, आणि आम्ही आसगावला जातो. यंदा मात्र पिशवी मीच आधी भरली. माझा धाकटा दीर दिलीप शेतातल्या शेडमध्ये गेली काही वर्षं दोन माणसांचं विमान बांधतोय. मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या दिवशी साऱ्या गावासमोर त्याचं इंजिन चालवून दाखवतो, असं त्याने जाहीर करून टाकलं होतं. कोकण काय, कुठे पळून जातंय?

ज्यांना यायचंय त्यांच्यासाठी: नागपूर, उमरेड, भिवापूर, पवनी, मग लाखांदूरच्या दिशेने आसगाव. सकाळी निघालात तर जेवायला पोचता. उमरेडला तर्रीपोहे खा, दोघांचं शंभरात भागतं, पण पांढरा शर्ट घालू नका. आमच्या साहेबांनी घातला होता. पवनीपुढे धानाच्या ट्रॉल्या रस्ता अडवून चालतात. तिथे हॉर्न वाजवून काही होत नाही, गुमान मागे राहायचं. एसटीनेही येता येतं, फक्त मंडईच्या दिवसांत जागा मिळेल अशी आशा धरू नका. दिवाळीनंतर या भागात एकेका गावाची मंडई भरते, आणि त्या दिवशी गावातल्या प्रत्येक घरी जावई, मेहुणे, आत्या, मामा झाडून हजर असतात.

पोचल्या पोचल्या माझी जाऊ वनिता हिने लाखोरीच्या डाळीचे वडे वाढले आणि खालच्या आवाजात खरी बातमी दिली. दिलीपशी तिचा करार झाला होता. मंडईच्या दिवशी इंजिन चांगलं गरम होईस्तोवर चालवायचं. तेलाच्या दाबाचा काटा लाल रेघेच्या वर राहिला तर विमान पुढे. खाली आला तर इंजिन विकायचं. साकोलीचा एक गाड्यांचा शौकीन गिऱ्हाईक म्हणून तयारच होता, आणि तोही मंडईला येणार होता. ती लाल रेघ वनितानेच स्वतःच्या नेलपॉलिशने मीटरच्या काचेवर ओढली होती. बाई बोलायला मऊ आहे, पण रेघ सरळ ओढते.

जेवण झाल्यावर शेडमध्ये गेलो. एका बाजूला धान चुरायची, म्हणजे मळणीची मशीन, दुसऱ्या बाजूला विमान, आणि मधे बनियनवर आमचे भाऊजी, कोपरापर्यंत काळे. इंजिन एका जुन्या जपानी स्पोर्ट्स कारचं, मुंबईच्या भंगारातून आणलेलं. त्यात वरखाली होणारे पिस्टन नाहीत. तिकोनी रोटर आत गोल फिरतो, म्हणून ते रोटरी. दिलीपने मला बाजेवर बसवून समजावलं, आणि कौतुकाची गोष्ट म्हणजे मला समजलं. या इंजिनात तेलाला दुहेरी काम असतं. वंगण तर द्यायचंच, वर रोटरला आतून थंडही करायचं. त्यामुळे तेल सपाटून तापतं, तापलं की पातळ होतं, आणि पातळ झालं की दाब पडतो. गाडीत हे चालून जातं, कारण गाडी सिग्नलला थांबते. विमान वर चढताना पूर्ण जोरात चालतं, आणि तेव्हा दाब गेला तर बेअरिंगं सुकतात.

"मंग इंजिन जाम," दिलीप म्हणाला, "अना वरती काई झाडाखाली गाडी लावता येत नाई, वहिनी."

त्याने तेलाचा दाब ठरवणाऱ्या स्प्रिंगखाली वायसर टाकून पाहिले होते. थंड असताना काटा वाघासारखा वर, गरम झालं की पुन्हा खाली. वायसरने दाबाची वरची हद्द वाढते, पातळ झालेलं तेल जाड होत नाही, हे त्यालाही कळत होतं. तरी आणखी एक टाकून बघू का, असा त्याचा चेहरा होता. त्याला कोडं हे पडलं होतं की भर उन्हाळ्यात काटा ठीक होता आणि आता थंडी पडायला लागल्यावर खाली येत होता. नवऱ्याने इंजिनाची शांती करायचा सल्ला दिला. त्याला मी बाहेर चहा प्यायला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी मंडई. जिलेबी, फुगे, बांगड्या, पाळणा, आणि गावाबाहेर धान कापलेल्या बांधीत आमचं विमान, चाकांना ओंडके लावून. उडवायची परवानगी अजून यायची आहे, त्यामुळे फक्त इंजिन चालवायचं होतं. विमानाच्या पंख्याच्या भीतीने लोकांना लांब दोरीमागे उभं केलेलं. वनिताही तिथेच, साकोलीचा शौकीन तिच्या शेजारी. दिलीपच्या बाजूची सीट मला मिळाली, कारण जाऊबाईने साफ नाही म्हटलं आणि नवऱ्याच्या कमरेत ऐनवेळी उसण भरली.

इंजिन सुरू झालं आणि माझं डोक्यावरचं पदर-बिदर सगळं उडालं. आवाज मात्र सुरेख, एकसारखा. काटा वर होता. दिलीपने वेग वाढवला, लोकांनी शिट्ट्या मारल्या, त्याच्या साळ्याने दोरीमागे नाच सुरू केला. आणि काटा हळूहळू उतरायला लागला. रेघेला टेकला. मी दिलीपकडे पाहिलं, तो काट्याकडे पाहत होता. तो काटा आम्हा दोघांखेरीज कोणालाही दिसत नव्हता. आवाजात काडीचा फरक नव्हता. आणखी थोडं तसंच चालवून हात हलवत उतरला असता तर जिंकला असता. खरं सांगू? मी काही बोलले नसते.

काटा रेघेखाली गेला आणि दिलीपने इंजिन बंद केलं.

मग जे व्हायचं तेच झालं. "झालं का उडून?" पासून "बैल जुंपा बैल" पर्यंत सगळं ऐकून घ्यावं लागलं. साळा नाचता नाचता थांबला. साकोलीचा शौकीन खुशीत पुढे आला. दिलीप खाली उतरून पंख्याकडे बघत उभा होता, आणि त्याचे डोळे भरले होते. वनिता दोरीखालून वाकून त्याच्याजवळ गेली.

"काहून बंद केलं?"

"काटा खाली आला."

"आमाले तं दिसत नव्हता."

"मले दिसत होता ना."

वनिताने साकोलीच्या पाहुण्याला घरी चहाला चला म्हटलं, आणि इंजिन विकायचं नाही हेही त्याच दमात सांगितलं.

"मले काट्याचं भेव नव्हतं," ती त्याला म्हणाली. "तुमचं होतं. लोकायच्या लाजेपायी तुमी बंद करनार नाई असं वाटे मले."

आम्ही दुसऱ्या दिवशी परतलो. येताना भिवापूरला तिखट घेतलं, घ्याच. घरी आल्यावर मला बरेच दिवस एकाच गोष्टीची चुटपुट लागून राहिली: मी गप्प बसले असते. दिरावर एवढी वर्षं हसत आले, पण त्या सीटवर दोघांपैकी पक्कं माणूस तोच होता.

परवा वनिताचा फोन आला. कोडं दिलीपनेच सोडवलं होतं. मंडईच्या आधी शेडमध्ये आठवडाभर धान चुरणं चाललं होतं, आणि तेल थंड करणाऱ्या कूलरची जाळी बारीक भुशाने आतून गच्च भरली होती. हवाच जात नव्हती तर तेल थंड होणार कसं! जाळी धुतली, वायसर सगळे काढले, चुरायची मशीन शेडबाहेर गेली. काटा आता शेवटपर्यंत टिकतो म्हणाली, रेघेच्या चांगला वर.

मी विचारलं, तुला गं लांबून कसं कळलं?

"लांबून कायले?" वनिता म्हणाली. "मी बाजूच्या सीटवर बसली होती."